ओकाकुरा काकुझो : संग्रहालय-अभिरक्षकाची कारकीर्द आणि कलावारशाच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना :

आधुनिक वस्तुसंग्रहालयाच्या इतिहासात संस्थापक, देणगीदार आणि शासनकर्ते यांची नावे ठळकपणे नोंदवली जातात. वस्तूंची पारख करणारा, त्यांची वर्गवारी लावणारा, कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती नाकारावी याचा निर्णय करणारा अभिरक्षक मात्र बहुधा पडद्याआड राहतो. वस्तुतः एखाद्या देशाची कला परदेशात कशी ओळखली जाईल, हे बऱ्याच अंशी या अभिरक्षकाच्या दृष्टीवर अवलंबून असते. या दृष्टीने जपानी कलाविचारवंत ओकाकुरा काकुझो (१८६३-१९१३) यांची कारकीर्द विशेष अभ्यसनीय ठरते. ‘तेनशिन’ या नावानेही ते परिचित आहेत.

भारतीय वाचकांना ओकाकुरा प्रामुख्याने ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ आणि ‘द बुक ऑफ टी’ या ग्रंथांचे लेखक, तसेच ठाकूर घराण्याचे व स्वामी विवेकानंदांचे स्नेही म्हणून माहीत आहेत. त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग मात्र संग्रहालयांच्या सेवेत गेला. प्रथम जपानच्या शाही संग्रहालयात आणि नंतर अमेरिकेतील बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांनी काम केले. स्वदेशात त्यांनी कलावस्तू देशाबाहेर जाऊ नयेत यासाठी प्रयत्न केले आणि परदेशात जपानबाहेरील एका अत्यंत समृद्ध जपानी संग्रहाचे पालकत्व स्वीकारले. या दोन भूमिकांमधील संबंध तपासणे आणि त्यातून कलावारशाच्या मालकीच्या प्रश्नाकडे पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मेइजी काळातील कलावस्तूंची स्थिती :

ओकाकुरा यांचा जन्म १८६३ मध्ये योकोहामा येथे झाला. वडील फुकुई संस्थानचे सामुराई होते. संस्थानाच्या वतीने ते योकोहामा बंदरात रेशमाचा व्यापार पाहत. परदेशी व्यापाऱ्यांच्या या बंदरात ओकाकुरा यांना बालपणीच इंग्रजीचे उत्तम शिक्षण मिळाले आणि चिनी अभिजात वाङ्मयाचा अभ्यास एका बौद्ध मंदिरात झाला. दोन्ही परंपरांशी सहज संवाद साधण्याची ही क्षमता त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर जपानमध्ये शिंतो आणि बौद्ध धर्म यांना परस्परांपासून विभक्त करण्याचे शासकीय धोरण आले. त्यातून अनेक ठिकाणी बौद्धविरोधी लाट उसळली. मंदिरांचे उत्पन्न आणि जमिनी गेल्या, काही मंदिरे पाडली गेली, मूर्ती व चित्रपट्ट बाजारात आले. नारा येथील कोफुकुजीसारख्या प्राचीन मंदिराचीही दुर्दशा झाली. सरंजामी घराणी मोडकळीस आल्याने त्यांच्या संग्रहातील वस्तूही मिळेल त्या किमतीस विकल्या जाऊ लागल्या. १८७१ मध्ये शासनाने प्राचीन वस्तूंच्या जतनाविषयी फर्मान काढले. परंतु त्यामागे पुरेशी यंत्रणा नव्हती.

याच काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातून आलेल्या काही व्यक्तींचे लक्ष या वस्तूंकडे वळले. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मॉर्स १८७७ मध्ये जपानला आले आणि पुढे मातीच्या भांड्यांच्या संग्रहात रमले. १८७८ मध्ये हार्वर्डचे पदवीधर अर्नेस्ट फेनोलोसा टोकियो विद्यापीठात तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र शिकवण्यासाठी आले. १८८२ मध्ये विल्यम स्टर्जिस बिगेलो हे धनाढ्य डॉक्टर मॉर्स यांच्यासमवेत आले आणि सुमारे सात वर्षे तेथेच राहिले. या तिघांनी जमवलेल्या वस्तू पुढे बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचल्या. फेनोलोसा यांनी आपला चित्रसंग्रह १८८६ मध्ये बोस्टनच्याच चार्ल्स वेल्ड यांना विकला. तो कालांतराने बोस्टनच्या संग्रहालयाला मिळावा, अशी त्यामागील अट होती. तेराव्या शतकातील ‘सांजो राजवाड्यावरील रात्रीचा हल्ला’ हा प्रसिद्ध चित्रपट्ट त्याच संग्रहातील होय.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या वस्तू लुटून नेलेल्या नव्हत्या. त्या उघड बाजारात विकत घेतल्या गेल्या. विकणारा समाज मात्र अशा एका संक्रमणातून जात होता, की आपण काय विकत आहोत याचे भान त्याला त्या क्षणी पुरेसे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला व्यवहार इतिहासाच्या दृष्टीने कितपत निर्दोष ठरतो, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

स्वदेशातील सेवा (१८८०-१८९८) :

ओकाकुरा टोकियो विद्यापीठात फेनोलोसा यांचे विद्यार्थी होते. १८८० मध्ये पदवी संपादन करून ते शिक्षण मंत्रालयात रुजू झाले आणि फेनोलोसा यांच्यासमवेत क्योतो-नारा परिसरातील मंदिरांची पाहणी करू लागले. या पाहणीतील सर्वांत गाजलेला प्रसंग होर्युजी मंदिरातील युमेदोनो या अष्टकोनी मंडपाचा आहे. तेथील गुझे कान्नोन, म्हणजेच अवलोकितेश्वराची प्राचीन काष्ठमूर्ती शतकानुशतके वस्त्रांत गुंडाळून बंद ठेवलेली होती. ती उघडल्यास अनर्थ ओढवेल, अशी भिक्षूंची श्रद्धा होती. १८८४ च्या सुमारास शासकीय अधिकाराच्या बळावर ती मूर्ती उघडण्यात आली.

हा प्रसंग सामान्यतः कलेतिहासातील विजयाचा क्षण म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. ज्या क्षणी वस्त्रे दूर झाली, त्या क्षणी उपास्य मूर्ती ही अभ्यासवस्तूही झाली. श्रद्धेच्या नियमाऐवजी शासनाचा व विद्येचा नियम तिला लागू झाला. संग्रहालय-अभिरक्षकाच्या व्यवसायाचा आरंभ अशाच एका उल्लंघनात असतो. ओकाकुरा यांचे वैशिष्ट्य असे की, मूर्ती उघडली गेली तरी ती मंदिरातच राहिली. ती आजही होर्युजीमध्येच असून वर्षातील मोजक्या काळात तिचे दर्शन खुले केले जाते.

१८८६-८७ मध्ये ओकाकुरा आणि फेनोलोसा यांना युरोप-अमेरिकेतील कलाशिक्षण व संग्रहालये पाहण्यासाठी शासनाने पाठवले. परतल्यानंतर टोकियो ललित कला विद्यालयाच्या स्थापनेत ओकाकुरा यांनी प्रमुख भाग घेतला आणि १८९० मध्ये ते त्याचे प्राचार्य झाले. १८८८ मध्ये देशभरातील कलानिधीच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले होते. सुमारे दशकभरात त्याने दोन लाखांहून अधिक वस्तूंची पाहणी व प्रतवारी केली. १८८९ मध्ये टोकियोत शाही संग्रहालयाची स्थापना झाली आणि क्योतो व नारा येथेही अशी संग्रहालये उभारण्याचा निर्णय झाला. टोकियोच्या संग्रहालयात ओकाकुरा कलाविभागाचे प्रमुख होते. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कोक्का’ हे कलाविषयक नियतकालिक सुरू केले.

या सर्व प्रयत्नांची परिणती १८९७ च्या प्राचीन देवस्थाने व मंदिरे संरक्षण कायद्यात झाली. या कायद्यान्वये निवडक वस्तूंना ‘राष्ट्रीय निधी’ असा दर्जा मिळाला, त्यांच्या विक्रीवर निर्बंध आले आणि दुरुस्तीसाठी शासकीय अनुदानाची सोय झाली. मात्र हा कायदा देवस्थानांच्या मालकीच्या वस्तूंपुरता होता. खाजगी व्यक्तींच्या संग्रहांना त्याचे संरक्षण नव्हते. ही उणीव पुढे महत्त्वाची ठरली.

१८९८ मध्ये अंतर्गत मतभेद आणि व्यक्तिगत आयुष्यातील वादळ यांमुळे ओकाकुरा यांना संग्रहालय व विद्यालय ही दोन्ही पदे सोडावी लागली. त्यांच्यासोबत हाशिमोतो गाहो, योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो आदी चित्रकारांनीही विद्यालय सोडले आणि त्याच वर्षी ‘निहोन बिजुत्सुइन’ ही स्वतंत्र कलासंस्था स्थापन झाली.

भारतभेट आणि ‘संग्रहालय’ ही संकल्पना :

१९०१ च्या अखेरीस ओकाकुरा भारतासाठी निघाले. जानेवारी १९०२ मध्ये स्वामी विवेकानंदांसमवेत ते बोधगयेस गेले. त्यानंतरच्या महिन्यात ते भारताच्या दौऱ्यावर निघाले. विवेकानंदांच्या तत्कालीन पत्रात त्यांच्या नियोजित प्रवासातील ठिकाणांमध्ये आग्रा, ग्वाल्हेर यांसह अजिंठा आणि वेरूळ यांचीही नावे आहेत. कलकत्त्यात ठाकूर कुटुंबाशी, विशेषतः सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्याशी, त्यांचा स्नेह जुळला. भगिनी निवेदिता यांच्या प्रस्तावनेसह ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ हा ग्रंथ १९०३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात ओकाकुरा यांनी आशिया खंडाच्या आंतरिक एकत्वाचे प्रतिपादन केले आणि जपान हे आशियाई संस्कृतीचे जणू संग्रहालय आहे, असे रूपक मांडले. भारत आणि चीन येथे परकीय आक्रमणे व राजकीय उलथापालथी यांमुळे जे नष्ट झाले, ते जपानमध्ये टिकून राहिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. होर्युजीच्या भित्तिचित्रांचे नाते अजिंठ्याशी जोडताना त्यांना हाच धागा दिसत होता.

हे रूपक एका अभिरक्षकालाच सुचावे असे आहे आणि त्यात अभिरक्षकाच्या व्यवसायातील धोकाही दडलेला आहे. जो जतन करतो तो हळूहळू स्वतःला वारसदार समजू लागतो आणि वारसदार पुढे मालकी सांगू लागतो. ओकाकुरा यांच्या निधनानंतर १९३० व १९४० च्या दशकांत जपानच्या साम्राज्यवादी प्रचाराने आशियाच्या एकत्वाची त्यांची कल्पना आपल्या कामी जुंपली. वासाहतिक सत्तांविरुद्ध मांडलेला विचार दुसऱ्या सत्तेचे समर्थन ठरला. याचे उत्तरदायित्व सर्वस्वी ओकाकुरा यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि ‘आम्ही जपले म्हणून ते आमचे’ या तर्काची बीजे त्या रूपकात नव्हती, असेही म्हणता येणार नाही.

बोस्टनमधील कार्य (१९०४-१९१३) :

फेब्रुवारी १९०४ मध्ये, रशिया-जपान युद्ध सुरू झाले त्याच सुमारास, ओकाकुरा अमेरिकेला निघाले. ताइकान, शुन्सो आणि लाखकामाचे कारागीर रोक्काकू शिसुई हे त्यांच्यासोबत होते. बिगेलो यांच्या ओळखीने बोस्टनच्या संग्रहालयाचे दार त्यांच्यासाठी उघडले. तेथे १८९० मध्ये जपानी कलेचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला होता आणि फेनोलोसा त्याचे पहिले अभिरक्षक होते. परंतु १८९० च्या दशकाच्या मध्यासच ते पदावरून दूर झाले होते. त्यांच्यामागे वस्तूंचा प्रचंड साठा होता. मात्र त्याची अधिकारी व्यक्तीकडून छाननी होणे बाकी होते.

ओकाकुरा यांचे पहिले काम या छाननीचे होते. चित्रे एकेक करून पाहणे, कर्तृत्व व काळ यांविषयीच्या नोंदी तपासणे, मूळ कृती आणि नंतरच्या प्रतिकृती वेगळ्या करणे असे ते काम होते. यात त्यांच्याच गुरूंनी नोंदवलेली काही मते बदलावी लागली. थोर कलावंताच्या नावावर असलेली कृती नंतरच्या काळातील आहे, असे सांगणे कोणत्याही संग्रहालयास अप्रिय असते. देणगीदार नाराज होतात आणि संग्रहाचे मोल घटते. तरीही ही शिस्त त्यांनी आणली. दुसरे काम वस्तूंच्या निगेचे होते. लाखकाम आणि धातुकाम यांची दुरुस्ती जाणकार हातांनीच व्हावी, म्हणून रोक्काकू शिसुई व धातुकारागीर ओकाबे काकुया यांना त्यांनी या कामात घेतले. परंपरेतील कारागिराचे ज्ञान हे पुस्तकी विद्वत्तेइतकेच संग्रहालयाला आवश्यक असते, ही दृष्टी त्यामागे होती.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब खरेदीच्या धोरणाची होय. बोस्टनचा जपानी चित्रसंग्रह समृद्ध होता, पण ज्या चिनी परंपरेतून जपानी कला घडली तिचे दर्शन तेथे अपुरे होते. म्हणून ओकाकुरा यांनी आपला भर चीनकडे वळवला आणि १९०६-०७ मध्ये खरेदीसाठी चीनचा प्रवास केला. १९१० मध्ये ते चिनी व जपानी कलाविभागाचे अभिरक्षक झाले. वर्षाचा काही काळ बोस्टनमध्ये आणि उरलेला जपानमधील इझुरा येथे, असा त्यांचा क्रम होता. १९११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एम.ए. पदवी दिली. त्याच वर्षी त्यांनी पूर्वेकडील कलेतील धर्म, निसर्ग आणि रसिकता या विषयांवर व्याख्याने दिली. दरम्यान ‘द बुक ऑफ टी’ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ज्या समाजाने जपानी वस्तू काचेच्या कपाटांत ठेवल्या होत्या, त्या समाजाला त्या वस्तूंमागील जीवनरीती समजावून देण्याचा तो प्रयत्न होता. या अर्थाने हे पुस्तकही अभिरक्षकाच्या कार्याचाच विस्तार मानता येईल.

मालकीचा प्रश्न :

ओकाकुरा यांच्या दोन भूमिका परस्परविरोधी होत्या काय? वरवर पाहता तसे वाटते. ज्यांनी १८९७ च्या कायद्याची भूमी तयार केली, तेच सात वर्षांनी परदेशी संग्रहालयाच्या सेवेत गेले. मात्र काही तपशील या निष्कर्षाला मर्यादा घालतात. बोस्टनचा मूळ जपानी संग्रह त्यांच्या आगमनापूर्वीच जमा झालेला होता. त्यांनी नव्या खरेदीत चीनला प्राधान्य दिले. बोस्टनमध्ये असतानाही जपानमधील प्राचीन देवस्थाने व मंदिरे संरक्षण समितीशी त्यांचा संबंध कायम होता.

तथापि यातून आणखी एक प्रश्न उद्भवतो. जपानी वस्तूंबाबत त्यांनी दाखवलेली दक्षता चिनी वस्तूंनाही लागू होती काय? त्या वेळचा चीन राजकीय दुर्बलतेच्या अवस्थेत होता आणि तेथील मूर्ती व चित्रे बाजारात येत होती. तीन दशकांपूर्वी जपानमध्ये जे घडले, तेच चीनमध्ये घडत होते. फरक इतकाच की या वेळी ओकाकुरा खरेदीदाराच्या बाजूला होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लँग्डन वॉर्नर यांनी पुढे १९२४ मध्ये दुनहुआंगच्या गुंफांमधील भित्तिचित्रांचे काही भाग काढून अमेरिकेत नेले. स्वतःच्या देशाचा वारसा जपणारी दृष्टी शेजारच्या देशाबाबत क्षीण होते, ही गोष्ट केवळ ओकाकुरा यांच्यापुरती मर्यादित नाही. वारसा-संरक्षणाची राष्ट्रीय चौकट हीच त्या मर्यादेचे कारण आहे.

ओकाकुरा यांचे साहाय्यक तोमिता कोजिरो यांच्या कारकिर्दीत हाच प्रश्न जपानकडे परतला. तोमिता १९०८ मध्ये या संग्रहालयात आले आणि १९३१ ते १९६३ या काळात आशियाई विभागाचे अभिरक्षक होते. १९३२ मध्ये बाराव्या शतकातील ‘मंत्री किबी यांची चीनमधील साहसे’ हा चित्रपट्ट त्यांनी बोस्टनसाठी मिळवला. तो खाजगी मालकीचा असल्याने १८९७ चा कायदा त्याला लागू नव्हता. १९२९ च्या राष्ट्रीय निधी संरक्षण कायद्याने व्याप्ती वाढवली होती. परंतु या चित्रपट्टाची नोंद झालेली नव्हती. जपानमध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटली, तोमिता यांच्यावर कठोर टीका झाली आणि १९३३ मध्ये नोंद न झालेल्या महत्त्वाच्या कलावस्तूंच्या निर्यातीवरही नियंत्रण आणणारा कायदा झाला. गुरूच्या पिढीने केलेल्या कायद्यातील उणीव शिष्याच्या खरेदीने उघड केली, असे येथे दिसते.

अखेरचे कार्य : होर्युजी आणि अजिंठा

१९१३ च्या वसंतात प्रकृती ढासळल्याने ओकाकुरा जपानला परतले. ऑगस्ट महिन्यात, आजारी अवस्थेत, ते संरक्षण समितीच्या बैठकीस उपस्थित राहिले आणि होर्युजीच्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रांच्या जतनाचा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ सप्टेंबर १९१३ रोजी, आकाकुरा येथे त्यांचे निधन झाले. १९१६ मध्ये या भित्तिचित्रांच्या जतनपद्धतीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली.

याच काळात चित्रकार आराइ कान्पो भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास मात्र दुर्दैवी आहे. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. आराइ यांच्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियो भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. आराइ यांनी पुढे १९४० पासून होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीचेही काम केले. ते काम सुरू असतानाच्या काळात, २६ जानेवारी १९४९ रोजी, सुवर्णमंडपाला आग लागली आणि मूळ भित्तिचित्रे भाजून निघाली. या आघातातून १९५० चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा जन्मास आला. २६ जानेवारी हा दिवस जपानमध्ये सांस्कृतिक संपदेच्या अग्निसंरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो.

या घटनाक्रमातून एक विचार पुढे येतो. अजिंठ्याच्या प्रतिकृती दूरच्या मोठ्या शहरांत ‘सुरक्षित’ ठेवल्या गेल्या आणि तेथेच जळाल्या. मूळ चित्रे वाघूर नदीच्या काठावरील लेण्यांत, झीज सोसत का होईना, टिकून आहेत. याउलट होर्युजीची चित्रे आपल्या मूळ स्थानी असूनही वाचली नाहीत. तात्पर्य, ‘मूळ स्थानी ठेवणे’ किंवा ‘संग्रहालयात हलवणे’ यांपैकी कोणताही एक मार्ग स्वयमेव सुरक्षित नाही. सुरक्षितता असते ती सातत्याने घेतलेल्या काळजीत, आणि ही काळजी घेणारी माणसे घडवणे हे अभिरक्षकाचे खरे कार्य होय.

समारोप :

ओकाकुरा यांच्या कारकिर्दीवरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बाजारात कायदेशीरपणे विकत घेतलेली वस्तूही मालकीच्या नैतिक प्रश्नापासून मुक्त नसते. कारण विकणाऱ्या समाजाची त्या वेळची अवस्था हीदेखील त्या व्यवहाराचा भाग असते. दुसरा असा की, अभिरक्षकाची निष्ठा देशाशी, संस्थेशी आणि वस्तूशी अशी तिहेरी असते आणि या तिन्ही निष्ठा नेहमी एका दिशेने जात नाहीत. तिसरा असा की, ज्ञान, पारख आणि निगा यांची परंपरा निर्माण करणारा अभिरक्षक आपल्या हयातीनंतरही संस्थेत कार्यरत राहतो. ओकाकुरा यांच्यानंतर त्या विभागाचे काम पाहणारे जॉन एलर्टन लॉज हे पुढे वॉशिंग्टनच्या फ्रिअर कलादालनाचे पहिले संचालक झाले, तर १९१७ मध्ये आनंद कुमारस्वामी बोस्टनला येऊन भारतीय कलासंग्रहाचे अभिरक्षक झाले. आशियाई कलेचा अधिकारी भाष्यकार आशियाई असू शकतो, हे ओकाकुरा यांनी त्या संस्थेत आधीच सिद्ध केले होते.

ओकाकुरा यांच्या निधनानंतर कलासंग्राहक डेन्मन रॉस यांनी त्यांच्या स्मरणार्थ बोस्टनच्या संग्रहालयाला सहाव्या शतकातील एक चिनी बोधिसत्त्व-मूर्ती अर्पण केली. एका जपानी अभिरक्षकाचे स्मारक म्हणून अमेरिकेतील संग्रहालयात चीनमधील बोधिसत्त्व बसावा, आणि त्या बोधिसत्त्वाच्या कल्पनेचे मूळ भारतात असावे, यात ओकाकुरा यांच्या आयुष्याचे सार्थक आहे आणि त्यांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्नही आहे.